सप्तर्षींच्या शेपटाजवळची दीर्घिकांची जोडी लहान दुर्बिणीतून कशी पाहावी

सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाला असलेल्या मरीचीपासून अवघ्या साडेतीन अंशांवर, पण तारकासमूहांच्या हद्दी पाहता शेजारच्या शामशबलमध्ये, दोन दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणात गुंतलेल्या आहेत. मोठी ती एम ५१, जिला तिच्या रूपावरून भोवरा दीर्घिका म्हणतात, आणि तिला खेटून असलेली लहान ती एनजीसी ५१९५. दोघीही आपल्यापासून सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षे दूर आहेत. बालाघाटाच्या माळावरून ही जोडी मी स्वतः इतक्या वेळा पाहिली आहे आणि इतरांना इतक्या वेळा दाखवली आहे की, 'ॲपमध्ये नाव टाका, बाण दाखवेल तिकडे दुर्बीण वळवा आणि विश्वाचे सौंदर्य अनुभवा' अशा धाटणीचा सल्ला वाचला की माझा संयम सुटतो. बाण दुर्बिणीला त्या जागी नेऊन सोडतो. तेथे पोहोचलेले बहुतेक जण मात्र मिनिटभर पाहून 'इथे तर काहीच नाही' असे म्हणत उठतात, आणि त्यांना पुढे काय करायचे हे कोणी सांगत नाही.

सहा किंवा आठ इंची आरशाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण, जुळवलेले आरसे, दिवसाउजेडी दूरच्या टॉवरवर नेम धरून बसवलेला फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि सप्तर्षी ओळखण्याइतकी ओळख हे सारे मी गृहीत धरतो. खोक्यावर '५२५ पट' असे छापलेल्या दोन-अडीच इंची खेळण्याने हे काम होणार नाही. मीही पहिली तीच घेतली होती आणि तिची तिकाटणी माझ्या श्वासानेही थरथरत असे.

वेळ अमावास्येच्या आगेमागेची निवडावी. मेच्या मध्याला ही जोडी रात्री साडेदहाच्या सुमारास आकाशात सर्वांत उंच असते, म्हणजे आपल्या अक्षांशांवरून उत्तर क्षितिजापासून सुमारे बासष्ट अंशांवर. झोपमोड चालणार असेल तर फाल्गुनी अमावास्येला रात्री दोननंतर पाहावे, कारण चैत्र-वैशाखात मराठवाड्याच्या हवेत धुळीचा जो पडदा चढतो तो तेव्हा पातळ असतो. उन्हाळ्यातही एक संधी मिळते आणि ती सहसा कोणी सांगत नाही: दुपारी वळवाची सर येऊन गेली आणि संध्याकाळी ढग पांगले, तर त्या रात्री अमावास्या जवळ असो वा नसो, चंद्र मावळलेला असला की दुर्बीण बाहेर काढावी. पावसाने धुतलेल्या त्या हवेत सहा इंची दुर्बीण जे दाखवते ते धुळीच्या रात्री आठ इंचीलाही दाखवता येत नाही.

जागा गावाच्या किंवा शहराच्या उत्तरेला शोधावी, म्हणजे उजेडाचा घुमट पाठीशी राहतो. चौकातला हायमास्ट दिवा दोन किलोमीटरवरूनही डोळ्यांत येतो, तेव्हा मध्ये टेकाड किंवा निदान उसाचा फड असलेला बरा. गच्ची टाळावी, दिवसभर बेचाळीस अंशांत तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि दुर्बिणीतले तारे उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखे दिसतात. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवावी. पायांत बूट घालावेत, कारण उन्हाळ्यात माळावर विंचू असतात.

शोधण्याचे काम सोपे आहे. उत्तरेकडे तोंड करून मरीची फाइंडरच्या मध्यावर घ्यावा. जोडी माथ्याजवळ असताना मरीचीच्या डावीकडे, सुमारे सव्वादोन अंशांवर, पावणेपाच प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा मोठा तितका तारा मंद) एक तारा आहे. तो काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तेथून वर आणि किंचित डावीकडे दोन अंश सरकले की आपण पोहोचलो. ज्यात नळीच्या रेषेतच थेट पाहतात अशा सरळ फाइंडरमध्ये चित्र उलटे दिसते, म्हणजे वर-खाली आणि डावे-उजवे दोन्ही बदलते, एवढे लक्षात ठेवले की वाट चुकत नाही. पंचवीस मिलिमीटरची आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) लावून त्या भागात हळूहळू फिरावे.

आता खरे काम सुरू होते, आणि येथे मी स्वतः दोन उन्हाळे वाया घालवले आहेत.

तिसऱ्या उन्हाळ्यात जोडी मला निःसंशय दिसली, तेव्हा मी जुनी निरीक्षणवही उघडून पाहिली. पहिल्याच वर्षीच्या एका पानावर, मरीचीजवळच्या भागाच्या नोंदीखाली, माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'आयपीसवर दोन ठिकाणी डाग, उद्या पुसणे.' दुसऱ्या दिवशी मी ती आयपीस इमानेइतबारे पुसली होती. दोन दीर्घिका समोर असताना मी त्यांना डाग समजलो, कारण माझ्या डोक्यात पुस्तकातले छायाचित्र होते: निळसर भुजा, गुलाबी ठिपके आणि टोकाला लटकलेला पिवळा गोळा. तसले काही दिसत नव्हते म्हणून जे दिसत होते ते मी पाहिलेच नाही. तेव्हा माळावर जाण्यापूर्वी आठवडाभर या जोडीचे एकही छायाचित्र पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना मी छायाचित्र न दाखवता आयपीसपाशी बसवले त्यांना ती लवकर दिसली.

छायाचित्राशी तुलना करणे अन्यायाचेही आहे. चार्ल्स मेसिए याने १७७३ मध्ये ही दीर्घिका शोधली तेव्हा त्याला ताऱ्यांविना एक फिकट धूसर ठिपका तेवढा दिसला होता, आणि तिच्याशेजारची लहान दीर्घिका त्याचा सहकारी पिएर मेशँ याने आठ वर्षांनंतर, १७८१ मध्ये नोंदवली. भोवऱ्यासारख्या भुजा पहिल्यांदा दिसल्या त्या १८४५ मध्ये, आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांना, आणि त्यांच्या दुर्बिणीचा आरसा बहात्तर इंचांचा होता. आपल्या आठ इंचांनी पहिल्याच रात्री भुजा दाखवाव्यात ही अपेक्षा सोडून द्यावी. दोन वेगळे, धूसर ठिपके दिसले की रात्र सत्कारणी लागली असे समजावे.

ते दिसण्यासाठी प्रथम डोळा अंधाराला सरावला पाहिजे. बाहुली काही मिनिटांत मोठी होते आणि लोक तेवढ्यावर समाधान मानतात. पण अंधारात पाहणाऱ्या पेशींमधील उजेडाने विरघळलेले रंगद्रव्य पुन्हा साठायला अर्धा तास लागतो आणि एका क्षणाच्या पांढऱ्या उजेडाने ते जाते. मोबाइल लाल पडद्यावर ठेवला तरी मला तो चालत नाही. तो गाडीच्या डिकीत राहू द्यावा आणि वहीत लिहिण्यासाठी गणपतीच्या आराशीतून उरलेला लाल जिलेटीन कागद तीन पदरी करून बॅटरीवर बांधावा. आमच्या भागात शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. एका वैशाखात चाळीस मिनिटे अंधारात बसून नुकती कुठे नजर स्थिरावत होती, तोच दारे धरायला निघालेल्या एका शेतकऱ्याने लांबूनच बॅटरीचा झोत थेट माझ्या तोंडावर टाकला आणि, 'गुरुजी, काय बघायलाव एवढ्या रातचं?' असे आपुलकीने विचारले. त्यांना दाखवावे तर माझेच डोळे गेलेले. त्या दिवसापासून माळावर बसण्यापूर्वी आसपासच्या वस्त्यांवर जाऊन सांगून येतो, आणि एक डोळा सदैव हाताखाली झाकून ठेवतो.

दुसरी गोष्ट नजरेच्या कोनाची. एखादी वस्तू नीट पाहायची असली की आपण तिच्यावर नजर रोखतो, आणि दीर्घिकेच्या बाबतीत ही सवयच घात करते. ज्या जागेने आपण रोखून पाहतो तेथे अंधारात काम करणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात. त्या तिच्या भोवती दाट असतात. म्हणून नजर दीर्घिकेवर न ठेवता तिच्यापासून थोडी बाजूला ठेवावी आणि लक्ष मात्र तिच्यावर असू द्यावे. कोणत्या बाजूला, हेही महत्त्वाचे आहे. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर उजवीकडे, म्हणजे आपल्या कानाच्या दिशेने सरकवावी, ज्यामुळे दीर्घिका नाकाच्या बाजूला राहते. उलट केल्यास तिचा प्रकाश नेमका त्या जागी पडू शकतो जिथून दृष्टीची नस डोळ्याबाहेर पडते, आणि त्या जागेला काहीच दिसत नाही. डाव्या डोळ्यासाठी दिशा उलटी. 'तिरप्या नजरेने पाहा' एवढेच सांगणाऱ्यांनी ही बाजू सांगितली असती तर माझे निदान एक वर्ष वाचले असते.

तिरपी नजर स्थिर ठेवणे पहिल्या रात्री जमत नाही, ती आपोआप मध्याकडे पळते. त्यासाठी आयपीसच्या कडेजवळचा एखादा तारा धरून त्यावर नजर टेकवावी. श्वास रोखू नये; श्वास रोखला की डोळ्यापुढे अंधारी येऊन आहे तेही जाते. डोक्यावरून काळे उपरणे घेतल्यास आजूबाजूचा उजेड तुटतो, उकाडा सोसावा लागतो एवढेच. मग दुर्बिणीच्या नळीवर बोटाने हलकी टिचकी मारावी. स्थिर असताना न दिसणारा फिकट डाग हलला की डोळ्याला कळतो, आणि आयपीसवरचा डाग ताऱ्यांबरोबर हलत नाही, दीर्घिका हलते. ही टिचकी मला पहिल्या वर्षी ठाऊक असती तर ती आयपीस पुसली गेली नसती.

तिसरी गोष्ट वर्धनाची, आणि येथे मी प्रचलित सल्ल्याच्या सरळ विरोधात आहे. 'दीर्घिका फिकट असतात, म्हणून नेहमी कमी वर्धन वापरा' असे जो तो सांगतो. शोधण्यासाठी ते बरोबर आहे, पाहण्यासाठी चूक. या दोन दीर्घिकांच्या गाभ्यांमध्ये सुमारे साडेचार कलांचे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर आहे. बाराशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या आठ इंची दुर्बिणीला पंचवीसची आयपीस बाराशे भागिले पंचवीस, म्हणजे अठ्ठेचाळीस पट वर्धन देते, आणि ते अंतर डोळ्याला साडेतीन अंशांएवढे दिसते. दहाची आयपीस लावली की वर्धन एकशेवीस होते आणि तेच अंतर नऊ अंशांएवढे होते. आकाशाची पार्श्वभूमी त्याच वेळी काळवंडते. दीर्घिकाही तितकीच मंदावते हे खरे, परंतु अंधारातला डोळा बारीक तेजस्वी ठिपक्यापेक्षा मोठा मंद डाग अधिक सहज ओळखतो. माझा क्रम ठरलेला आहे: पंचवीसने शोधावे, पंधराच्या आसपास काही असेल तर त्याने खात्री करावी, आणि दहाने निदान वीस मिनिटे पाहावे. उठू नये, आयपीस सारखी बदलू नये. पहिल्या पाच मिनिटांत जे दिसते त्याच्या कितीतरी पट पंधराव्या मिनिटाला दिसते.

काय दिसेल ते क्रमाने सांगतो. प्रथम दोन गाभे, धुक्यातून दिसणाऱ्या ताऱ्यांसारखे. लहान दीर्घिकेचा गाभा आटोपशीर असल्याने कधी कधी तोच आधी डोळ्यांत भरतो, यामुळे गोंधळू नये. मग मोठीच्या गाभ्याभोवती गोल, मंद प्रभा उमटते. चांगल्या रात्री गाभा आणि प्रभेची कड यांच्यामध्ये किंचित काळसर पट्टा जाणवतो, आणि तो जाणवला म्हणजे भुजांची चाहूल लागली. दोघींना जोडणारा पूल मला आठ इंचीतून मोजक्या वेळाच दिसला आहे, तोही वळवानंतरच्या रात्री. दहा-बारा इंची दुर्बीण असणाऱ्यांनी त्यासाठी जरूर हट्ट धरावा.

तो पूल कशाचा आहे हे ठाऊक असले की नजर नेमकी कुठे धरायची ते कळते. १९७२ मध्ये आलार आणि युरी तूम्रे या भावांनी संगणकावर दाखवून दिले की, एक दीर्घिका दुसरीच्या जवळून जाताना गुरुत्वाच्या ओढाताणीने ताऱ्यांचे असे पूल आणि शेपट्या ओढल्या जातात. चंद्र समुद्राला भरती आणतो तसाच हा प्रकार, फक्त येथे दोन्ही बाजूंना अब्जावधी तारे आहेत. लहान दीर्घिका सध्या मोठीच्या किंचित मागच्या बाजूला आहे आणि मोठीच्या भुजेतील धूळ तिच्या पुढ्यातून गेलेली आहे. म्हणजे पूल पाहायचा झाल्यास दोन गाभ्यांमधल्या सरळ रेषेवर नजर न लावता मोठीच्या कडेवरून वळत लहानीकडे जाणाऱ्या भुजेच्या वाटेवर ती तिरपी टेकवावी.

शेवटी पेन्सिलीने वहीत एक वर्तुळ काढून त्यात दोन्ही ठिपके आणि जवळचे दोन-तीन तारे मांडावेत, आणि लगेच पडताळा घ्यावा. दुर्बीण न हलवता सोडली की तारे ज्या कडेने बाहेर जातात ती पश्चिम. मग नळी ध्रुवाच्या दिशेने किंचित ढकलावी; नवे तारे ज्या कडेने आत येतील ती उत्तर. लहान दीर्घिका मोठीच्या उत्तरेला आहे. तुमच्या चित्रात ती त्याच बाजूला आली नसेल, तर दोन ठिपके कितीही पटलेले असोत, पंचवीसची आयपीस पुन्हा लावून मरीचीपासून परत सुरुवात करावी.