परदेशात रेल्वे की बस? तिकीट काढण्याआधी या चुका टाळा

बडोद्यात रेल्वे स्टेशन आणि एसटीचा डेपो अगदी शेजारी शेजारी. गाडी चुकली तर बॅग उचलायची आणि पाच-दहा मिनिटांत सुरतेची नाहीतर अहमदाबादची बस पकडायची, ही आपली लहानपणापासूनची सवय. परदेशात ती सोबत नेऊ नका.

बर्लिनमध्ये आम्हाला ती फार महागात पडली. प्रागला जाणाऱ्या बसचं तिकीट रेल्वेच्या निम्म्या दरात मिळालं, म्हणून आम्ही खूश होतो. तासभर आधी मुख्य स्टेशनवर पोचलो आणि बसस्टँड शोधत राहिलो. शेवटी एका बाईंनी तिकिटावरच्या ‘झेडओबी’, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँड, या अक्षरांवर बोट ठेवलं. तो बसस्टँड शहराच्या पश्चिम भागात, प्रदर्शनाच्या मैदानाजवळ. लोकलने तिथे पोचेपर्यंत बस निघून गेली होती. मग परत मुख्य स्टेशन आणि ऐनवेळच्या दराने रेल्वेची दोन तिकिटं. स्वस्त बस आम्हाला दुपटीहून जास्त पडली.

म्हणून नुसतं भाडं आणि प्रवासाचे तास बघू नका. हॉटेलच्या दारापासून पुढच्या हॉटेलच्या दारापर्यंतचा वेळ मोजा. मिलानमध्ये लांब पल्ल्याच्या बस बऱ्याचदा लांपुन्यानोहून सुटतात आणि मुख्य स्टेशनवरून तिथे जायला मेट्रो बदलावी लागते. लंडनला मात्र व्हिक्टोरिया स्टेशन आणि तिथला कोच स्टँड चालत जाण्याइतके जवळ आहेत. प्रत्येक शहराचा नकाशा वेगळा बघावा लागतो.

स्टेशनचं पूर्ण नावही वाचा. व्हेनिसला ‘मेस्त्रे’ हे बेटांबाहेरचं, मुख्य भूमीवरचं स्टेशन, तर ‘सांता लुचिया’ थेट कालव्याकाठचं. मेस्त्रेला उतरलात तर पुढे पुन्हा गाडी नाहीतर बस आलीच.

रेल्वे नेहमीच वेगवान, हाही गैरसमज. पॅरिस-लंडन युरोस्टार रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास, बसने आठ-नऊ तास. तिथे वयस्क आईवडील बरोबर असतील तर मी बसचा विचारही करणार नाही. पण म्युनिक-प्राग मार्गावर रेल्वेला साडेपाच तासांच्या पुढे लागतात आणि बस बहुधा तिच्याआधी पोचते.

मुलगा किंवा सून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला असेल तर वॉशिंग्टनसाठी आधी न्यूयॉर्कला जाऊन बस पकडणं म्हणजे उलट्या दिशेचा प्रवास. एडिसनच्या शेजारीच मेट्रोपार्क स्टेशन आहे, तिथे अ‍ॅमट्रॅक या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या बऱ्याच गाड्या थांबतात. तीन तासांच्या आत-बाहेर पोचता. तिकीट मात्र लवकर काढा, तारीख जवळ येते तसं भाडं चढतं.

आता तिकिटाबद्दल. युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास घेतला की काम झालं, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. फ्रान्सची टीजीव्ही आणि इटलीची फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाड्यांत पास असूनही सीटचं वेगळं रिझर्व्हेशन पैसे भरून करावं लागतं. जर्मनीतलं स्वस्त ‘स्पारप्राइस’ तिकीट लांब पल्ल्याच्या त्या ठरलेल्या गाडीलाच चालतं; आधीच्या किंवा नंतरच्या गाडीत बसलात तर ते बाद. इटलीत पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट घेतलं असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मजवळच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवा. नाहीतर तिकीट हातात असूनही दंड होतो.

बसने देश ओलांडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. मोठी बॅग खालच्या डिकीत जाते आणि सीमेवर पोलीस रात्री दोन वाजताही गाडीत चढू शकतात. शिवाय युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर ड्रायव्हरला कायद्याने पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते, त्यामुळे लांबच्या प्रवासात बस वाटेत थांबू शकते. पासपोर्ट, औषधं, स्वेटर आणि दशम्यांचा डबा हातातल्या पिशवीत ठेवा.