जमिनीत उपकरण उतरवण्याआधी

सरकणाऱ्या उतारात किंवा खचणाऱ्या भरावात उपकरण बसवताना एक गोष्ट सतत डोक्यात ठेवावी लागते: ग्राउट, म्हणजे बोअरमध्ये उपकरणाभोवती भरलेलं सिमेंटचं पातळ मिश्रण, एकदा घट्ट झालं की आतलं काही बाहेर काढून दुरुस्त करता येत नाही. पीळ पडलेली खाच, अदलाबदल झालेल्या केबली, नोंदवायची राहून गेलेली खोली, सगळं कायमचं गाडलं जातं. बोअरचं यंत्र उभं राहिलं की घाई सुरू होते, म्हणून पुढची तयारी त्याच्या आधीच उरकलेली असावी.

पहिलं काम कागदावरचं. या बोअरने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, ते एका वाक्यात लिहा. घसरणीचा थर किती खोल आहे हे शोधायचं असेल तर इन्क्लिनोमीटर, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या नळीचा (केसिंगचा) कल खोलीगणिक मोजणारं उपकरण. तो थर आधीच माहीत आहे आणि हालचाल रात्रंदिवस बघायची आहे, तर त्याच केसिंगमध्ये कायम बसणारी सेन्सरची माळ. खचणं मोजायचं असेल तर एक्स्टेन्सोमीटर, पाण्याचा दाब हवा असेल तर पिझोमीटर. टीडीआरची केबल (तिच्यात विजेचा स्पंद सोडून परत येणारा प्रतिध्वनी वाचतात) स्वस्त पडते आणि ती कुठे चिरडली जाते आहे ती खोली नेमकी सांगते. पण जमीन कोणत्या दिशेला आणि किती सरकली, याचं भरवशाचं उत्तर तिच्याकडून मिळत नाही. ज्या उपकरणामागे असा प्रश्न लिहिता येत नाही ते यादीतून काढून टाका. चार बोअर जेमतेम करण्यापेक्षा दोन नीट केलेले केव्हाही बरे.

त्याच कागदावर आणखी दोन ओळी हव्यात: रीडिंग किती वाढलं की धोका समजायचा, आणि तेव्हा फोन कोणाला करायचा. हे बसवणीनंतर ठरवू म्हटलं की ते राहूनच जातं.

जागेवर पाणी, वीज, गॅस, टेलिफोन यांच्या गाडलेल्या लाइन कुठून जातात त्याची लेखी माहिती आधी मिळवा. माहिती मिळाली तरी पहिला मीटर-दीड मीटर हाताने खणून बघा, कारण नकाशातली लाइन आणि जमिनीतली लाइन नेहमी एकाच जागी सापडतात असं नाही. बोअरचं यंत्र उभं करायला सपाट जागा लागते, पण ती करायला उताराचा पायथा तासू नका. पाणी सोडून ड्रिलिंग करायचं असेल तर ते पाणी सरकत्या उतारात मुरणार आहे हे ड्रिलरला आधीच स्पष्ट सांगा आणि वापर कमीत कमी ठेवायला लावा.

खोली ठरवताना कंजुषी करू नका. इन्क्लिनोमीटरच्या हिशोबात केसिंगचा तळ स्थिर धरलेला असतो आणि वरची सगळी हालचाल त्या तळापासून मोजली जाते. तळच सरकत असेल तर अख्खा आलेख चुकतो, आणि आलेख बघून ते ओळखू येत नाही. म्हणून अंदाजे घसरण-थराच्या खाली पक्क्या जमिनीत निदान 3 मीटर, जमलं तर 5-6 मीटर जायचं. ड्रिलरच्या नोंदी यासाठीच रोजच्या रोज वाचायच्या असतात. कोणत्या खोलीवर पाणी गायब झालं, कुठे रॉड आपोआप खाली गेला, कुठे मऊ चिकणमातीचा पातळ पट्टा लागला, हे काम चालू असतानाच कळलं तर खोली वाढवता येते. यंत्र निघून गेल्यावर त्या नोंदींचा एवढा उपयोग होत नाही.

आता केसिंग. प्लास्टिकच्या या नळीच्या आतल्या अंगाला काटकोनात चार खाचा असतात आणि प्रोबची, म्हणजे कल मोजायला आत सोडायच्या उपकरणाची, चाकं त्यांतून धावतात. एका जोडीचं तोंड अपेक्षित हालचालीच्या दिशेला, म्हणजे बहुतेकदा उताराच्या खालच्या बाजूला हवं. ती खाच पहिल्याच नळीवर न पुसणाऱ्या रंगाने खुणेची करा आणि प्रत्येक सांध्यावर तीच खूण पुढे न्या. नळ्या बोअरमध्ये उतरल्यावर वरच्या टोकाला खाच थोडी फिरलेली दिसली की पाना लावून नळी पिळायचा मोह होतो. तो आवरा. पीळ वरच्या दोन-तीन नळ्यांतच अडकतो, तळ होता तसाच राहतो, आणि पुढे रीडिंग एका दिशेचं समजून दुसऱ्या दिशेचं वाचलं जातं. खोल बोअर असेल तर खाचांचा पीळ मोजणारं वेगळं उपकरण मिळतं. ते भाड्याने आणायची सोय आधीच करून ठेवा.

सांध्यांना रिव्हेट मारणार असाल तर ते खाचेपासून दूर. सांध्यावर सीलिंग टेप नीट, घडी न पडता गुंडाळायची. तिथून ग्राउट आत झिरपलं की प्रोब त्या खोलीखाली कधीच जाणार नाही. तळाचं झाकण, जादा कपलिंग, जादा टेप आणि खोटा प्रोब सामानात असू द्या. खोटा प्रोब म्हणजे त्याच मापाचा साधा धातूचा दांडा. खरा महागडा प्रोब सोडण्याआधी तो चारही खाचांतून तळापर्यंत जाऊन परत आला पाहिजे.

ग्राउटमध्ये केसिंग तरंगतं, याचा हिशोब कागदावर करून जा. 70 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची नळी दर मीटरला सुमारे 3.85 लिटर ग्राउट बाजूला सारते. नळीत पाणी भरलं की बराचसा भार येतो, पण ग्राउट पाण्यापेक्षा जड असल्यामुळे वर उचलणारा थोडा जोर उरतोच. तो वरून यंत्राने दाबून धरला तर लांब नळी बोअरमध्ये नागमोडी वाकते. भार तळाशी हवा: तळाला अडकवलेलं वजन किंवा बोअरच्या भिंतीत रुतणारा अँकर. दोन्हींपैकी काय वापरायचं ते आधी ठरवा आणि ते बोअरमध्ये बसतं का हे जमिनीवरच बघून घ्या.

ग्राउटचं प्रमाण वजनात ठरवायचं, बादलीच्या अंदाजाने नाही. मध्यम ते घट्ट मातीसाठी पाणी 2.5, सिमेंट 1, बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) 0.3 हे रुळलेलं मिश्रण आहे. 50 किलोच्या सिमेंटच्या गोणीला 125 लिटर पाणी आणि सुमारे 15 किलो बेंटोनाइट. मऊ मातीत हेच 6.6, 1 आणि 0.4 होतं, म्हणजे गोणीला 330 लिटर पाणी आणि 20 किलो बेंटोनाइट. आधी पाण्यात सिमेंट, मग बेंटोनाइट. हा क्रम उलटा करू नका. पाणी आणि सिमेंटचं प्रमाण पहिल्यांदा पक्कं झालं की ताकद हातात राहते. बेंटोनाइट मात्र दर खेपेला वेगळं निघतं, त्यामुळे मिश्रण तेलरंगाइतकं दाट होईपर्यंत ते थोडं थोडं घालत जायचं. 150 मिलिमीटर व्यासाचा 30 मीटर बोअर भरायला 70 मिलिमीटरची नळी वजा जाता सुमारे 415 लिटर ग्राउट लागतं. फटी असलेल्या खडकात त्यातलं बरंच कुठेतरी निघून जाईल, म्हणून निदान दीडपट सामान जवळ हवं. अर्ध्यावर पंप थांबवून सिमेंट आणायला माणूस पाठवणं परवडत नाही. ग्राउट तळापर्यंत सोडलेल्या पाइपातून, खालून वर भरत आणायचं. वरून ओतलं तर मधे पोकळ्या राहतात आणि त्या पोकळीतली नळी जमिनीबरोबर हलत नाही. बोअर फार खोल असेल तर ग्राउटच्या दाबाने नळी चेपू शकते, तेव्हा टप्प्याटप्प्याने भरा.

पिझोमीटरच्या तयारीवर मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हणेन. 9 ऑक्टोबर 1963 रोजी इटलीतल्या वायॉन्त धरणाच्या जलाशयात डोंगराचा कडा कोसळला, पाण्याची लाट धरणावरून उडाली आणि खालच्या गावांतली सुमारे 2000 माणसं गेली. त्या उतारात पिझोमीटर होते. पण त्या भोकं पाडलेल्या नळ्या होत्या, खोलीनुसार सील केलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांत दिसणारी पातळी निरनिराळ्या थरांतल्या दाबांची सरमिसळ होती. घसरणीच्या थरावरचा दाब त्यातून वेगळा कळणार नव्हता. म्हणूनच पिझोमीटरचं टोक कोणत्या थरात आहे आणि त्याच्या वर-खाली काय भरलं आहे, याला इतकं महत्त्व आहे. कंपन-तारेचा पिझोमीटर (दाब बदलला की त्याच्या आतल्या ताणलेल्या तारेचं कंपन बदलतं) योग्य मिश्रणाच्या ग्राउटमध्ये थेट बसवता येतो. उघड्या नळीच्या पिझोमीटरला मात्र वाळूचा कप्पा आणि त्यावर बेंटोनाइटच्या गोळ्यांचं सील लागतं, आणि त्या गोळ्यांना फुगायला वेळ द्यावा लागतो.

कंपन-तारेचा पिझोमीटर खोक्यातून काढल्यावर आधी मल्टिमीटरने तपासा. आतला थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) बहुधा 25 अंश सेल्सियसला 3000 ओहम दाखवणारा असतो. मग फिल्टर काढून पोकळी पाण्याखालीच भरा आणि पाण्याखालीच फिल्टर परत बसवा, म्हणजे हवेचा बुडबुडा राहत नाही. बोअरमध्ये उतरवताना टोक वरच्या बाजूला ठेवलं तर भरलेलं पाणी टिकतं. शून्य रीडिंग सावलीत, उपकरणाचं तापमान स्थिरावल्यावर घ्या आणि त्याच क्षणी हवेचा दाबही लिहा. हवेचा दाब 1 किलोपास्कलने बदलला की पाण्याची पातळी सुमारे 10 सेंटिमीटरने चुकते. पुढचं रीडिंग बोअरमध्ये सोडल्यावर, त्यापुढचं ग्राउट भरल्यावर. तिन्हींची नोंद असली की उपकरण कुठल्या पायरीवर बिघडलं ते नंतर शोधता येतं.

केबलींवर लेबल दोन्ही टोकांना आणि मधेही दर काही मीटरवर लावा. यंत्राच्या चाकाखाली केबल तुटते तेव्हा टोकावरचं लेबल त्या तुकड्याबरोबर निघून जातं, आणि उरलेल्या चार सारख्याच काळ्या केबलींमधली कोणती कुठली, हे सांगायला कोणीच उरत नाही. डेटालॉगरला (रीडिंग आपोआप साठवणाऱ्या यंत्राला) अर्थिंग आणि वीज पडण्यापासून संरक्षण हवंच.

केबली गाडायच्या चराचं काम सोपं वाटतं, पण जिवाला धोका तिथेच अधिक. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. माणसाच्या छातीच्या वर जाईल इतक्या खोल चरात आधार लावल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही, आणि उकरलेली माती काठापासून निदान 60 सेंटिमीटर लांब टाका. शिडी आधी उतरवायची, माणूस नंतर.

चरात फायबर ऑप्टिक केबल टाकणार असाल तर तळाला खडे नसलेल्या बारीक मातीचा थर, त्यावर केबल, मग हाताने दाबलेला पहिला थर. ताण मोजणाऱ्या केबलीशेजारी फक्त तापमान मोजायला एक सैल केबल नळीत टाकायची विसरू नका. ब्रिलुआँ पद्धतीत (फायबरमध्ये विखुरलेल्या प्रकाशावरून ताण मोजण्याच्या) 1 अंश तापमानवाढ सुमारे 20 मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाखांत 20 भाग) ताणासारखी दिसते, म्हणजे ऋतू बदलला की जमीन न सरकताही रीडिंग सरकेल. केबल टाकून झाल्यावर माहीत असलेल्या जागी तिला थोडी ऊब द्या आणि पडद्यावर ती कितव्या मीटरला दिसते ते नकाशावर लिहा. अशा पाच-सहा खुणा असल्या की पुढे दिसलेली हालचाल जमिनीवर नेमकी कुठे आहे ते दाखवता येतं.

उतारावरचा भरलेला चर आणि ग्राउट न केलेला बोअर, दोन्ही पाण्याला वाट करून देतात. चरात ठराविक अंतरावर चिकणमातीचे आडवे बांध घाला, नाहीतर मोजायला खणलेला चरच उताराला पाणी पाजेल.

शेवटी पहिलं रीडिंग. ग्राउट घट्ट व्हायला साधारण आठवडा द्या. प्रोब तळाशी सोडून तापमान जुळेपर्यंत दहा मिनिटं थांबा, मग दर अर्ध्या मीटरला वाचत वर या. प्रोब 180 अंशात फिरवून पुन्हा तेच करा. दोन्ही फेऱ्यांच्या वाचनांची बेरीज प्रत्येक खोलीवर जवळपास सारखी यायला हवी. एखाद्याच ठिकाणी ती उडी मारत असेल तर जागेवर असतानाच ती खोली परत वाचा. असे निदान दोन पूर्ण संच जुळले की त्यांना पायाभूत माना, आणि त्याच दिवशी केसिंगच्या तोंडाची जागा आणि उंची सर्व्हे करून घ्या. फाइलमध्ये प्रोबचा क्रमांक, केबलचा क्रमांक, खाचेची दिशा होकायंत्राच्या अंशांत, ग्राउटचं प्रत्यक्ष वापरलेलं प्रमाण, ड्रिलरच्या नोंदींची प्रत आणि कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते लिहा. एक प्रत कार्यालयात, दुसरी रीडिंग घेणाऱ्या माणसाकडे.