आधी वाचक, पण गूगलबॉटला विसरून नाही

वेबसाइटच्या प्रत्येक पानासाठी आधी एक वाक्य लिहा: इथे येणारा माणूस काय शोधत आलाय? एका वाक्यात मावत नसेल, तर बहुधा दोन पानं लागतील. जुनी साइट असेल तर अंदाज कशाला? सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं गूगलचं मोफत साधन; त्याच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये मागच्या ३ महिन्यांच्या क्वेरी, म्हणजे लोकांनी शोधलेले शब्द, बघा. सरासरी पोझिशन पहिल्या पाचात आणि तरी क्लिक तुरळक, असं दिसलं तर आधी टायटल तपासा. लोक विचारतात एक आणि टायटल सांगतं भलतंच, असा प्रकार नेहमीचा.

लोकांचे शब्द टायटलमध्ये आणि मुख्य मथळ्यात एकदा येऊ द्या, आणि उत्तर पहिल्या दोन-तीन वाक्यांत द्या. कीवर्ड कोंबलेला परिच्छेद माणसाला वाचायला नकोसा होतो आणि गूगलच्या स्पॅम धोरणात तो गुन्हाच आहे. कीवर्ड्स मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शब्दांची यादी) तर सोडूनच द्या. रँकिंगसाठी तो वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. मेटा डिस्क्रिप्शननेही (कोडमधला पानाचा छोटा सारांश) क्रमांक वाढत नाही, पण निकालाखाली ते दिसू शकतं, म्हणून ते वाचणाऱ्यासाठी लिहा.

खरी ओढाताण डिझाइनमध्ये होते. ‘आणखी दाखवा’ हे बटण बोटाला सोयीचं, पण गूगलबॉट, म्हणजे गूगलसाठी पानं वाचणारा प्रोग्रॅम, बटणं दाबत नाही. त्यामागची यादी त्याला दिसतच नाही. बटण ठेवा, पण यादीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी यूआरएल द्या आणि तिथे नेणारी साधी अँकर लिंक (कोडमध्ये पत्ता लिहिलेली लिंक) पानावर असू द्या. नुसत्या ऑनक्लिकवर (क्लिक केल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टवर) चालणारी लिंक इथे कामाची नाही. अ‍ॅकॉर्डियनमध्ये (क्लिकने उघडणाऱ्या भागात) मजकूर दुमडून ठेवायला हरकत नाही, फक्त तो क्लिकनंतर सर्व्हरवरून यायला नको. आणि ‘छोट्या स्क्रीनवर कशाला’ म्हणून मोबाइलवरून तक्ता काढू नका. गूगल मोबाइल आवृत्तीच इंडेक्स करतं, म्हणजे शोधासाठी नोंदवतं, त्यामुळे तो तक्ता शोधातूनही जातो.

वेगाच्या बाबतीत वाचक आणि गूगल दोघांचं हित एकच. एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (क्लिक किंवा टॅपला पान प्रतिसाद देतं तो वेळ) २०० मिलिसेकंदांपर्यंत, सीएलएस (पान अचानक सरकण्याचं माप) ०.१ पर्यंत; आणि हे ७५ टक्के भेटींमध्ये साधायला हवं. एलसीपी बिघडवणारी नेहमीची चूक म्हणजे सरसकट सगळ्या चित्रांना लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच चित्र आणणं) लावणं. वरचं मोठं चित्र त्यातून वगळा. चित्रांना रुंदी-उंची दिली नाही, की मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच लिंकवर पडतं. सीएलएस वाढतो तो बरेचदा यामुळेच. आयएनपी बिघडला असेल तर आधी चॅट विजेट आणि ट्रॅकिंगच्या स्क्रिप्ट तपासा. लाइटहाउसच्या (पान तपासणारं गूगलचं साधन) १०० गुणांमागे धावण्यात अर्थ नाही. ती एका यंत्रावरची चाचणी. खऱ्या वापरकर्त्यांचा डेटा २८ दिवसांचा असतो, म्हणून दुरुस्तीचा परिणाम पुरता दिसायला महिनाभर थांबावं लागतं.

एखादं पान शोधातून काढायचं असेल तर नोइंडेक्स (शोधात दाखवू नका, असं सांगणारी खूण) लावा, पण तेच पान रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने कुठे जायचं नाही हे सांगणारी फाइल) अडवू नका. बॉट आत शिरलाच नाही तर नोइंडेक्स वाचणार कोण? यूआरएल बदललीत तर जुनीवरून थेट नवीवर ३०१ (कायमचं वळण) लावा, मध्ये टप्पे नकोत, आणि तो निदान वर्षभर ठेवा. सगळी जुनी पानं होमपेजवर वळवणं सोपं वाटतं, पण गूगल अशा पानांना सॉफ्ट ४०४ (असून नसल्यासारखं पान) धरू शकतं, आणि वाचक तर तिथूनच मागे फिरतो.