शेततळ्याच्या काठावर दोर बांधलेला कॅन ठेवा

अस्तराच्या शेततळ्यात पडलेला माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही; शेवाळलेल्या प्लास्टिकवर पायच ठरत नाही.

1. तेलाचा 5 लिटरचा रिकामा कॅन घ्या, त्यात पेलाभर पाणी घालून झाकण घट्ट लावा. पाणी हवंच, नाहीतर हलका कॅन वाऱ्याने भरकटतो.
2. कॅनच्या मुठीला तळ्याच्या मध्यापलीकडे पोचेल एवढा नायलॉनचा दोर बांधा. दुसरं टोक कुंपणाच्या खांबाला पक्कं करा.
3. कॅन माणसाच्या डोक्यावरून पलीकडे फेका, म्हणजे दोर त्याच्या हाताशी येईल. "कॅन छातीशी धर" असं ओरडून सांगा आणि सावकाश ओढा. ओढताना खाली बसा, दोर हाताला गुंडाळू नका.

शक्य असेल तर चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा. एकट्याने पडलेल्याला तोच आधार. उन्हाने कॅन आणि दोर दोन्ही कुजतात, म्हणून दर उन्हाळ्यानंतर ते तपासा.

कितीही जीव तुटला तरी मागोमाग उडी घेऊ नका. बुडणारा घाबरून मिठी मारतो आणि दोघेही जातात. कुणाला तरी लगेच 112 लावायला सांगा.