ओमावर दोन पानं लिहायचीयत? मग आधी टॉयलेटमधलं कॅलेंडर काढा

नवऱ्याची ओमा (डच लोक आजीला ओमा म्हणतात) नव्वदी पार करून गेली आणि तिच्यावर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा जे कळलं ते सांगते. जन्मतारखेपासून सुरू करू नका, बोअर होतं. आधी टॉयलेटमधलं वाढदिवसांचं कॅलेंडर आणा. हसू नका, डच घरात ते तिथंच लटकलेलं असतं, त्यावर वार नसतात म्हणून एकच वर्षानुवर्षं चालतं आणि अख्खं गणगोत त्यात सापडतं, आमच्या ओमाने तर गेलेल्यांची नावंही खोडली नव्हती, बाजूला फक्त पेन्सिलीने बारीकसा क्रॉस.

मग रेकॉर्ड. डच कागदपत्रांत बाई माहेरच्याच नावाने असते, सासरच्या नावाने शोधाल तर दिवस वाया. जुने डच पेपर डेल्फर साइटवर फुकट आहेत. बोटीने कॅनडाला आली असेल तर हॅलिफॅक्सच्या पिअर २१ ला (बोटीने येणाऱ्या स्थलांतरितांचं केंद्र, १९२८ ते १९७१ चालू होतं, आता म्युझियम आहे) विचारून बघा.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समध्ये पडलेल्या १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्याबद्दल मात्र जपून लिहा. ट्युलिपचे कंद खाल्ले लोकांनी, खरंय, पण खरी झळ पश्चिमेकडच्या शहरांना बसली, त्यामुळे ती तेव्हा कुठल्या गावात होती ते आधी विचारा, उगाच फिल्मी नको.

आणि ३१ डिसेंबरच्या ओलीबोलेनची (तळलेले पिठाचे गोळे) रेसिपी राहिली असेल तर आत्याला आजच फोन लावा. मापं विचारलीत तर उत्तर येईल, "पीठ मागेल तेवढं दूध."