जात्यावरच्या ओव्या टिपायला निघताना

मुळशी-मावळातल्या गावांत ओव्या टिपायला जायचं ठरलं, की कोणता रेकॉर्डर घेऊ हे विचारण्याआधी आजी गायला कुठे बसणार ते विचारून घ्या. पडवीत असतील तर वारा आणि कोंबड्या, आत असतील तर पंखा आणि फ्रिज, जात्यावर असतील तर घरघर. पिशवी त्यावरून भरायची. याच भागातून काम सुरू करून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी लाखावर ओव्या जमवल्या. बहुतेक कागदावर उतरल्या, आवाजासकट राहिल्या त्या थोड्याच. म्हणून आता जे टिपाल ते ऐकण्याजोगं टिपा.

रेकॉर्डर साधा चालेल. झूम कंपनीचा एच1एन मुठीत मावतो, दोन एएए सेलवर चालतो. दोघी मिळून गाणाऱ्या असतील तर टॅसकॅम कंपनीचा डीआर-40एक्स किंवा झूमचा एच5 बरा. त्यांना दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या जाड वायरचे) माइक जोडता येतात आणि कंडेन्सर माइकला, म्हणजे वीज दिल्याशिवाय न चालणाऱ्या नाजूक कानाच्या माइकला, लागणारे 48 व्होल्टही तिथूनच मिळतात. पण पैसे मोजके असतील तर ते माइक आणि हेडफोनवर घाला, या मतावर मी ठाम आहे.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत. हे मी एक अख्खी सकाळ गमावून शिकले. एका आजींच्या पदराला कॉलर माइक लावला, रेकॉर्डरवर आवाजाची पातळी दाखवणारी लेव्हलची पट्टी हलताना पाहिली आणि निर्धास्त बसले. घरी येऊन ऐकलं तर ओळीओळीवर पदराची खसखस, काळ्या मण्यांची टिकटिक, आणि खुंटा फिरेल तशी बांगड्यांची किणकिण. चौदा ओव्यांतल्या तीनच धड निघाल्या. पुन्हा गेले तेव्हा आजींचा आवाज बसला होता. कानाला हेडफोन असता तर पहिल्याच ओवीला कळलं असतं. आता मी माइक छोट्या तिपाईवर, तोंडापासून हातभर अंतरावर, बांगड्यांच्या विरुद्ध अंगाला ठेवते. बांगड्या काढून ठेवा, असं मात्र कोणत्याही बाईला म्हणू नका.

जात्यापाशी रेकॉर्डर जमिनीवर टेकवला तर थरथर थेट आत शिरते. खाली गोधडीची घडी घाला. लो-कटचं, म्हणजे खालचे घुमणारे आवाज गाळणारं बटण वाऱ्यात कामाचं, पण घरघर हीच ओवीची लय असते, तेव्हा इथे ते बंदच ठेवा. मग दळण थांबवून त्याच ओव्या पुन्हा म्हणवून घ्या, शब्द उतरवून घ्यायला त्या लागतात. लेव्हल हाताने लावा. ऑटोवर ठेवलं की आजी श्वासाला थांबतात तेवढ्यात मागचा सगळा गलका फुगून वर येतो. सगळ्यात चढा सूर लेव्हलच्या पट्टीवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहावा, शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो.

रेकॉर्डरच्या मेनूत फाइल वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी), 48 किलोहर्ट्झ, 24 बिट अशी निवडा. स्टिरिओत तासाला साधारण 1 जीबी लागतो, म्हणजे 32 जीबीचं एक कार्ड पुरतं, तरी दोन न्या. गावात वीज असेलच असं धरू नका, सेलचे दोन जादा जोड ठेवा. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे असतात, मेनूत तसा प्रकार निवडला नाही तर बॅटरीची खूण फसवते. पडवीसाठी माइकचं केसाळ टोपरं विसरू नका. सुरुवातीला गाव, तारीख, आजींचं नाव आणि त्यांची परवानगी, सगळं त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड होऊ द्या.

फोन विमान मोडवर टाकून शेजारी दुसरं रेकॉर्डिंग चालू ठेवा. गाणं संपल्यावर आजींना त्यांचा आवाज फोनवरूनच ऐकवा. ऐकता ऐकता त्यांना हमखास विसरलेली एखादी ओवी आठवते, म्हणून रेकॉर्डर तोवर बंद करू नका.