फनी गेम्स हा पिक्चर बघायचा असेल तर आधी हे वाचा

पहिलं म्हणजे रात्री एकटे असाल तर लावू नका. रक्त बघवणार नाही म्हणून नाही हो, रक्त यात फारसं दिसतच नाही, पण नंतर दोन चार दिवस दाराची बेल वाजली की पोटात गोळा येतो.

व्हर्जन दोन आहेत. दिग्दर्शक मिखाएल हानेकेने 1997 ला जर्मनमधे केलेलं आणि मग 2007 ला त्यानेच नेओमी वॉट्स, टिम रॉथला घेऊन इंग्लिशमधे जवळपास शॉट टू शॉट परत काढलेलं. सबटायटल चालत असतील तर जुनंच बघा, दोन्ही बघून हाती काही जास्त लागत नाही.

तळ्याकाठचं सुट्टीचं घर, नवरा बायको मुलगा, आणि पांढरे हातमोजे घातलेली दोन सभ्य पोरं अंडी मागायला येतात. एवढंच माहीत असू द्या, ट्रेलर बघू नका.

अंड्यांचा सीन नीट बघा. पोरगा काही वावगं बोलत नाही, उलट सारखा सॉरी म्हणतो, तरी बाई वैतागते आणि आपणही वैतागतो, आणि हाकलून लावलं तर आपणच उद्धट ठरणार अशी पंचाईत. पुढे मारहाण बहुतेक कॅमेऱ्याबाहेर होते, आपल्याला आवाज ऐकू येतात नाहीतर कोणाचा तरी चेहरा दिसतो. आणि मधे एक खूप लांब शॉट आहे, टीव्हीवर गाड्यांची रेस चालू आणि खोलीत कोणी हलत नाही. बोअर झालं म्हणून तिथे फॉरवर्ड केलंत तर अख्खा पिक्चर वाया.

भांडण होतं ते रिमोटच्या सीनवरून, आणि त्या दोन पोरांतला एकजण कॅमेऱ्यात बघून आपल्याशीच बोलतो त्यावरून. 1997 ला कान्स फिल्म फेस्टिव्हलमधे लोक उठून गेले होते. काहींना वाटतं हिंसा चवीने बघणाऱ्यांना यात बरोबर पकडलंय, काही म्हणतात हानेके तिकीट काढायला लावून वर शिव्या देतोय. हानेकेचं म्हणणं असं की जो मधेच उठून जातो त्याला या पिक्चरची गरजच नाही. मला हे जरा आगाऊच वाटतं, कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारणं वगैरे तर शाळेतल्या मास्तरसारखं, पण तो लांब शॉट मात्र डोक्यातून जात नाही.

आणि हो, सुरुवातीला गाडीत शांत क्लासिकल चालू असतं म्हणून आवाज वाढवून ठेवू नका, टायटल पडलं की जॉन झोर्न या संगीतकाराच्या म्युझिकचं जे किंचाळणं सुरू होतं त्याने शेजारी उठतील.